खेळण्यांच्या दुकानाला कुलूप का लागते?

मंडळी, आपल्या शहराला 'जालना सोने का पालना' असे फार पूर्वीपासून म्हणतात. पाळणा म्हटला की त्यावर टांगलेले राघू-मैना आणि बाळाच्या मुठीतला खुळखुळा आलाच. आज मात्र आपण खेळण्यांच्या फार दूरच्या दुकानांबद्दल बोलणार आहोत. न्यूयॉर्क आणि लंडन इथली खेळण्यांची जगप्रसिद्ध दुकाने गेल्या काही वर्षांत बंद पडली, किंवा या हातातून त्या हातात गेली. त्याचे जालन्याच्या माणसाला काय, असे कुणी विचारील. पण ही दुकाने ज्या कारणांनी अडचणीत आली, ती मोंढ्यातल्या कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन समजतील अशी आहेत. भाडे, हंगाम आणि कर्ज ही ती तीन कारणे.

आधी भाड्याचे पाहू. फ्रेडरिक श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन गृहस्थांनी १८६२ मध्ये अमेरिकेत खेळण्यांचा व्यापार सुरू केला. पुढे त्यांचे 'एफएओ श्वार्ट्‌झ' हे दुकान न्यूयॉर्कचे भूषण ठरले. जमिनीवर पसरलेल्या मोठ्या पियानोवर पायांनी नाचत सूर वाजवायचे, हा तिथला खेळ १९८८ च्या 'बिग' या चित्रपटामुळे जगभर माहीत झाला. लोक लांबून यायचे, पियानो पाहायचे आणि फोटो काढायचे. पण पाहणारा प्रत्येक जण काही घेतोच असे नाही. दुकान होते फिफ्थ अॅव्हेन्यूवर, म्हणजे जगातल्या सर्वांत महाग रस्त्यांपैकी एकावर. अखेर वाढत्या भाड्याचे कारण देऊन १५ जुलै २०१५ रोजी ते बंद करण्यात आले. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याच शहरात दुसऱ्या जागी आणि दुसऱ्या मालकाच्या हाताखाली ते पुन्हा उघडले.

दुसरे कारण हंगामाचे. इथे 'टॉईज आर अस' या अमेरिकी दुकानाची गोष्ट सांगायला हवी. चार्ल्स लॅझरस यांनी १९४८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लहान मुलांच्या फर्निचरचे, म्हणजे पाळणे वगैरे विकण्याचे दुकान काढले. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले, की पाळणा घरात एकदाच येतो आणि तो दुसऱ्या, तिसऱ्या मुलालाही चालतो. खेळणी मात्र मोडतात, आणि आईबाप पुन्हा दुकानात येतात. म्हणून ते खेळण्यांकडे वळले. गोदामाएवढी मोठी दुकाने आणि छतापर्यंत रचलेला माल, ही त्यांची पद्धत इतकी चालली, की शेजारची लहान दुकाने तिच्यापुढे टिकली नाहीत.

पण खेळण्यांचा धंदा हंगामी असतो. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन घरात आल्यावर वर्षाचा हिशेब लागतो, तसा तिकडच्या खेळणीवाल्याचा हिशेब नाताळात लागतो. वॉलमार्टसारख्या मोठ्या बाजाराने नेमकी हीच गोष्ट हेरली. नाताळाच्या दोन महिन्यांत खेळणी अगदी कमी नफ्यात विकायची, त्या निमित्ताने गिऱ्हाईक आत आणायचे, आणि साबण, किराणा, कपडे यांवर कमवायचे. हंगाम संपला की त्याच फळीवर दुसरा माल. ज्याच्याकडे खेळण्यांशिवाय दुसरे काहीच नाही, त्याला मात्र दोन महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे भाडे, वीज आणि पगार भागवावे लागतात.

त्यातच इंटरनेट आले. २००० मध्ये या कंपनीने आपली इंटरनेटवरची विक्री दहा वर्षांच्या कराराने अॅमेझॉनकडे सोपवली. अॅमेझॉनने दुसऱ्यांचीही खेळणी विकायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. निकाल 'टॉईज आर अस'च्या बाजूने लागला. पण तोवर खेळणी घ्यायला अॅमेझॉनवर जाण्याची सवय गिऱ्हाइकाला लागली होती.

तिसरे कारण कर्जाचे, आणि तेच सर्वांत जड. २००५ मध्ये तीन गुंतवणूकदार कंपन्यांनी मिळून ही कंपनी ६६० कोटी डॉलरला विकत घेतली. त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. एखादे चालते दुकान उसन्या पैशांत विकत घ्यावे आणि ती उसनवारी घेणाऱ्याच्या नव्हे, त्या दुकानाच्याच वहीत मांडावी, असा हा प्रकार. पुढे कंपनीवर सुमारे ५०० कोटी डॉलरचे कर्ज होते, आणि ते सांभाळण्यातच वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जात. मग दुकानांची डागडुजी करायला आणि कामगार नेमायला पैसा कुठून यावा?

लक्षात घ्या, मुलांनी खेळणे सोडले नव्हते. शेवटच्या काळातही या कंपनीची वर्षाची विक्री ११०० कोटी डॉलरच्या वर होती. तरी सप्टेंबर २०१७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मार्च २०१८ मध्ये दुकाने बंद करण्याची घोषणा झाली, आणि त्यानंतर आठवडाभरातच लॅझरस वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमधली आणि जूनअखेर अमेरिकेतली दुकाने बंद झाली. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. २०२२ मध्ये हे नाव मेसीज या दुसऱ्याच्या दुकानांतल्या एका भागात दिसू लागले.

लंडनचे 'हॅम्लीज' हे १७६० सालचे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतूनही ते वाचले. पण अलीकडच्या काळात त्याचे मालक भराभर बदलले. २०१२ मध्ये ते फ्रेंच कंपनीकडे, २०१५ मध्ये चिनी कंपनीकडे आणि २०१९ मध्ये मुंबईच्या रिलायन्सकडे गेले. म्हणजे इंग्रजांचे सर्वांत नावाजलेले खेळण्यांचे दुकान आज आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीच्या मालकीचे आहे!

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्याकडे खेळण्यांचे खरे दुकान भरते ते जत्रेत. अंगारकीला राजूरच्या गणपतीला, नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला, रामनवमीला जांब समर्थला. भिरभिरे, पिपाण्या, डमरू, भातुकली, प्लॅस्टिकच्या मोटारी असा सारा माल एका ताडपत्रीवर मावतो. पोळ्याला त्यात मातीच्या बैलांची भर पडते. या दुकानदाराला बारा महिन्यांचे भाडे नाही. एका गावचा हंगाम संपला की तो दुसऱ्या गावच्या हंगामाला जातो. न्यूयॉर्कच्या दुकानाला जे जमले नाही, ते त्याला जमते. अर्थात पाऊस पडला की त्या दिवसाची कमाई गेली, आणि उसनवारी त्यालाही चुकलेली नाही.

दुकान गेले की दोन गोष्टी हरवतात. पहिली, मुलाचा हात लावून पाहण्याचा आनंद. मोबाइलवर बोट फिरवून मागवलेले खेळणे बहुधा आईबाप निवडतात. दुकानात किंवा ताडपत्रीपुढे ते मूल निवडते. दहा रुपयांत पिपाणी घ्यावी की भिरभिरे, हा त्याच्या आयुष्यातला पहिला व्यवहार असतो. दुसरी हरवते ती जबाबदारी. 'हे दोन वर्षांच्या बाळाला देऊ नका, तुकडा घशात जाईल,' असे सांगणारा जाणता दुकानदार समोर नसतो.

या दुसऱ्या गोष्टीची थोडी भरपाई कायद्याने केली आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. धारदार कडा, सुटणारे लहान भाग, रंगातले शिशासारखे विषारी धातू यांची तपासणी त्यात होते. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्कही २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले.

तेव्हा खेळणे घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. चिन्ह आहे का? रंग नखाने निघतो का? गोल बटणासारख्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे का? लहान मुलाने ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते. तेव्हा वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा. एवढे पाहून झाले, की मग मुलाच्या हातात पैसे द्यावेत आणि निवड त्याच्यावर सोडावी. त्याला वेळ लागेल. लागू द्यावा.