पाडव्याचें दप्तर : घर व जमीन घेणारांस, देणारांस व राखणारांस कांहीं सूचना

चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपण दारीं गुढी उभारतों, कडुनिंबाचा पाला खातों, सालगड्याचें साल ठरवितों आणि येत्या हंगामाचा अंदाज बांधतों. औतें, बैल, बियाणें यांची पाहणी होते. परंतु ज्या जमिनीवर हा सर्व संसार उभा आहे, तिचे कागद त्या दिवशीं किती घरांतून उघडले जातात? ते पेटीच्या तळाशीं पडून असतात, आणि बाहेर निघतात ते बहुधा अडचणीच्या वेळीं : कर्ज काढतांना, मुलीच्या लग्नांत, किंवा भाऊबंदांचा दावा लागल्यावर. तेव्हां त्यांतील चूक सांपडली तरी उपयोग थोडा. म्हणून नवीन वर्षाच्या आरंभीं आमची वाचकांस एकच विनंती आहे. पाडव्यास घरचें दप्तर उघडावें, आणि कागद, बांध व वहिवाट या तिन्ही गोष्टी एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं हें पाहावें. जमीन घेणारास, देणारास व राखणारास जे जे उपाय आम्ही खालीं सांगणार आहों, ते सर्व या एकाच गोष्टीचे विस्तार आहेत.

न वाचलेल्या कागदाची किंमत आपल्या पूर्वजांनीं भरपूर मोजली आहे. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, त्यांचीं खतें व रोखे हस्तगत केले आणि जाळून टाकले. न वाचतां उठविलेल्या आंगठ्यानें जमीन जाते, हा अनुभव त्या दंग्याच्या मुळाशीं होता. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस साह्य करणारा कायदा झाला. आमचा आजचा वाचक साक्षर आहे. त्यास कागद जाळण्याचें कारण नाहीं. वाचण्याचें मात्र आहे.

राखणारांनीं काय पाहावें

प्रथम सातबारा घ्यावा. गांव नमुना सात हा अधिकार अभिलेख, व नमुना बारा ही पिकांची नोंदवही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आतां घरबसल्या मिळतो, तेव्हां सवड नाहीं ही सबब उरलेली नाहीं. उताऱ्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असें १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा सांगतो. मालकीचा अखेरचा निकाल दिवाणी न्यायालय करतें हें खरें. परंतु चुकीची नोंद खोटी ठरविण्याचा भार ज्यानें ती वेळेवर पाहिली नाहीं त्याच्यावर येतो.

उताऱ्यांत पांच गोष्टी पाहाव्या. एक, नांव. वडील वारले असतील तर वारसांचीं नांवें लागलीं आहेत काय? वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे द्यावी, असा नियम आहे. 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, व 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालक, हे शेरे जुन्या उताऱ्यांवर पुष्कळ आढळतात. अज्ञान मुलगा सज्ञान होऊन त्याचीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं तरी शेरा तसाच असतो. तो अर्ज करून काढवून घ्यावा. दोन, क्षेत्र. तीन, भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ ची जमीन हस्तांतरास सामान्यतः मोकळी असते, वर्ग २ च्या जमिनीवर शर्ती असतात. चार, 'इतर हक्क' हें सदर. सोसायटीचें कर्ज फिटून वर्षें लोटलीं तरी बोजा उताऱ्यावर राहतो. बेबाकी दाखला देऊन तो कमी करवून घ्यावा. पांच, पीक. उभें पीक ऊस आणि नोंद 'पड' अशी असेल, तर नुकसानभरपाईच्या वेळीं ती नोंद आपल्याच विरुद्ध बोलते.

नवीन फेरफार धरला गेला असतां संबंधितांस नोटीस निघते व हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस न वाचतां सही करून ठेवून देणें ही आपल्याकडील सर्वांत महाग सवय आहे. मंडळ अधिकाऱ्यानें फेरफार मंजूर केल्यावर अपील करतां येतें. परंतु त्यासही मुदत आहे, आणि ती बहुतेक प्रकरणीं साठ दिवसांची असते.

कागद पाहून झाले कीं शेतावर जावें. हद्दीच्या खुणा जागेवर आहेत काय, बांध सरकला आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें. शंका आल्यास शेजाऱ्याशीं भांडण्यापूर्वीं भूमि अभिलेख खात्याकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज करावा. मोजणीची फी ही कोर्टाच्या खर्चापुढें कांहींच नव्हे. वहिवाटीची वाट कोणीं अडविली असेल, तर १९०६ च्या मामलेदार कोर्टांच्या कायद्याखालीं तहसीलदाराकडे दाद मागतां येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. 'पुढल्या वर्षीं पाहूं' म्हणणाराचा हा उपाय हातचा जातो.

घेणारांनीं काय पाहावें

पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकीं एक, म्हणून त्या दिवशीं इसार देण्याची पुष्कळांस हौस असते. मुहूर्ताचा मान आम्हीही राखतों. मात्र कागद पाहून झाल्यानंतरचा मुहूर्त शुभ आणि पाहण्यापूर्वींचा अशुभ, असें आमचें मत आहे. खेडोपाडीं वारंवार घडणारा एक प्रकार पाहा. उताऱ्यावर एकट्या थोरल्या भावाचें नांव असतें. त्याचा शब्द खरा मानून घेणारा आयुष्याची पुंजी इसारांत घालतो. खरेदीच्या वेळीं बहिणी पुढें येतात, आणि त्यांचें म्हणणें रास्त असतें. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु वारसाहक्क कायद्यांतील दुरुस्तीनें मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क आहे, व त्या दिवशीं वडील हयात असणें अवश्य नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. देणारानें इसार खर्च केलेला असतो. घेणाराजवळ ना जमीन, ना पैसा. बहिणींचीं नांवें आधीं विचारलीं असतीं तर एका संध्याकाळचें काम होतें.

म्हणून घेणारानें चालू उताऱ्यावर थांबूं नये. उताऱ्यावर ज्या फेरफारांचे क्रमांक असतात ते सर्व फेरफार काढून वाचावे. जमीन कोणाकडून कोणाकडे व कशी आली ती साखळी त्यांतच असते. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सूची क्रमांक दोनचा शोध घ्यावा. वकील सामान्यतः तीस वर्षांचा शोध घेतात. दिवाणी दावा चालू आहे काय हेंही पाहावें.

पुढें परवानग्या. कुळ कायद्यानें मिळालेली जमीन, वतनाची जमीन, सरकारनें दिलेली जमीन यांच्या शर्ती निरनिराळ्या आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीनें सरकारच्या मान्यतेनें मिळालेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून घेतली, तर ती त्याच्याजवळ राहत नाहीं. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. त्याचा पुरावा जवळ ठेवावा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्याखालील प्रमाणभूत क्षेत्र २०२३ सालीं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे ठरविण्यांत आलें. त्यानंतरही या कायद्यांत बदल झाले आहेत, म्हणून व्यवहारापूर्वीं तहसील कचेरींत त्या दिवशींची स्थिति विचारावी. गुंठा-दोन गुंठे जागा सामाईक सातबाऱ्यावर घेणारांनीं विशेष जपावें. तेथें पुष्कळ नांवें एका उताऱ्यावर येतात, पण माझा गुंठा कोणता हें कोणासच दाखवितां येत नाहीं.

मापाची एक चूक फार आढळते. बोलणें एकर-गुंठ्यांत होतें व उतारा हेक्टर-आरमध्यें असतो. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित् अधिक. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर ४०.४७ आर भरतो. पांच एकर म्हणून दस्तांत दोन हेक्टर लिहिले, तर घेणारा सव्वादोन गुंठ्यांहून अधिक जमीन गमावतो. शिवाय पोटखराबा किती, हें वेगळें पाहावें. शेताकडे जाणारी वाट, विहिरींतील हिस्सा, पाण्याची पाळी, झाडें व पंपाची वीजजोडणी यांचा खरेदीखतांत स्पष्ट उल्लेख करावा. वाटेवांचून घेतलेलें शेत दोन पिढ्यांचें भांडण होय.

मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं सदनिका घेणारे आमचे वाचक आतां थोडे नाहींत. त्यांनीं तो प्रकल्प महारेरामध्यें नोंदलेला आहे काय हें प्रथम पाहावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, नोंदणीकृत करार केल्यावांचून बांधणारास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. भाव चटई क्षेत्रावर ठरवावा, आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहून मगच ताबा घ्यावा.

गांवठाणांतील घर घेतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. तलाठ्याचा आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा. पट्टी भरणें व मालक असणें या दोन गोष्टी निराळ्या. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोनच्या साह्यानें गांवठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. आपल्या गांवीं हें काम झालें असेल, तर पत्रिकेवरील नांव, हद्द व क्षेत्र ताबडतोब तपासावें, आणि परसाची व गोठ्याची जागा सुटली असल्यास लेखी हरकत द्यावी.

देणारांनीं काय पाहावें

विकणाराचें नुकसान बहुधा घाईनें होतें. इसारपावती, साठेखत व खरेदीखत हे तीन निरनिराळे दस्त आहेत. साठेखतानें मालकी जात नाहीं. पण तें करून दिल्यावर माघार घेतां येत नाहीं असें समजून चालावें, कारण घेणारा न्यायालयांतून पुरती करून मागूं शकतो. म्हणून उरलेली रक्कम कोणत्या तारखेस मिळावयाची व न मिळाल्यास काय, हें त्यांतच लिहावें. पूर्ण रक्कम हातीं येईपर्यंत ताबा देऊं नये. कुलमुखत्यारपत्र देणें तर फारच जोखमीचें. केवळ अशा पत्रावर मालकी जात नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. परंतु त्या पत्राच्या बळावर मुखत्यार तुमच्या वतीनें खरेदीखत करून देऊं शकतो, हें विसरूं नये.

पैसे बँकेमार्फत घ्यावे. स्थावराच्या व्यवहारांत २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकराच्या कायद्यानें मनाई आहे, आणि दंड घेणारावर, म्हणजे विकणारावर पडतो. तो घेतलेल्या रकमेइतका असूं शकतो. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत व सरकारी मूल्यदर यांत जी रक्कम अधिक असेल तिच्यावर लागतें. हे दर सामान्यतः १ एप्रिलपासून बदलतात, म्हणून पाडव्याच्या सुमारास सौदा करणारांनीं हा हिशेब आधीं करावा.

आतां सर्वांत दुःखाची गोष्ट. अडचणींत सांपडलेला शेतकरी व्याजानें पैसे घेतो, आणि तारण म्हणून खरेदीखत लिहून देतो. 'पैसे फेडलेस कीं जमीन परत' असें तोंडीं सांगितलेलें असतें. कायदा असा आहे कीं, परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाहीं. सुप्याच्या शेतकऱ्यानें जें भोगलें तेंच आज साक्षर मनुष्य सही करून ओढवून घेतो. कर्ज हवें असल्यास गहाणखत करावें. विक्रीचा कागद कदापि करूं नये. परवान्यावांचून सावकारी करणारानें अशा रीतीनें जमीन बळकाविली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखालीं सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. चौकशीअंतीं जमीन परत देवविण्याचा अधिकार त्यास आहे. लाज वाटून गप्प बसूं नये.

शेवटची सूचना

दप्तर एकट्या कर्त्यानें वाचून पुन्हां पेटींत ठेवूं नये. घरांतील स्त्रिया व मोठीं मुलें यांस जवळ बसवून, गट क्रमांक, क्षेत्र, नांवें, बोजा व वाट मोठ्यानें वाचून दाखवावीं. कर्ता अकस्मात् गेल्यावर विधवेस आपली जमीन कोणत्या गटांत आहे हेंही ठाऊक नसतें, आणि मग ज्यास ठाऊक असतें तो तिचा लाभ घेतो. मूळ खरेदीखतें, फेरफार, मोजणीचा नकाशा, वाटणीपत्र, कर्जफेडीचे दाखले व घरपट्टीच्या पावत्या एका जागीं लावून ठेवाव्या, आणि प्रती दुसऱ्या घरीं असाव्या. जीं चूक आढळेल ती एका कागदावर लिहून चैत्र संपण्यापूर्वीं अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी.

यांस एक दिवस पुरतो. वर्षाचे उरलेले दिवस शेत आपणांस देतें. हा एक दिवस आपण शेतास द्यावा.