बेभरवशाच्या भागांचं भरवशाचं यंत्र

घराच्या एका कोपऱ्यात ठेवायचा डबा. त्यात मुलांचे फोटो, लग्नाच्या व्हीसीडीवरून उतरवून घेतलेलं चित्रीकरण, जुन्या कॅसेटींमधलं नाट्यसंगीत आणि दोन-तीनशे चित्रपट. टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळे तिथूनच वाचणार. याला नॅस म्हणतात. तो तयार मिळतो, तसा सुटे भाग आणून असेंबलही करता येतो. पण त्या भागांची यादी करायला बसलं की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. यादीतला एकही भाग पूर्ण भरवशाचा नाही, आणि तो बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. या बेभरवशाच्या मंडळींना अशा रीतीने एकत्र बसवायचं की एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, हेच नॅसचं सगळं शास्त्र.

सुरुवात हार्ड डिस्कपासून. साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. इतक्या वेगाने पळणाऱ्या पृष्ठभागावर वाचणारं-लिहिणारं हेड मोजक्या नॅनोमीटरच्या उंचीवर तरंगत असतं. केसाच्या जाडीचा दहा हजारावा हिस्साही या फटीहून मोठा भरेल. आयबीएमने 1956 साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्यांवर मिळून जेमतेम 50 लाख अक्षरं मावत. आज तळहातावर राहणाऱ्या 20 टेराबाइटच्या डिस्कवर त्याच्या चाळीस लाखपट मावतात. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कांमध्ये तर हवाच नसते, हेलियम भरून त्या सीलबंद केलेल्या असतात. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्श्याएवढी, त्यामुळे तबकड्यांना अडथळा कमी होतो आणि तेवढ्याच जागेत जास्त तबकड्या बसवता येतात.

डिस्क घेताना किमतीच्या आधी एक गोष्ट विचारायची : सीएमआर की एसएमआर? एसएमआरमध्ये लिखाणाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळच उचलावी लागते. नुसतं साठवून ठेवायला हे चालतं. मात्र नॅसमधली एखादी डिस्क बदलून नवीवर सगळं पुन्हा लिहायची वेळ आली, की अशी डिस्क रांगत चालते. नॅससाठी पट्टे एकमेकांवर न चढवणारी सीएमआरच घ्यावी.

आता कागदावरची हमी वाचा. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात साधारण शंभर लाख कोटी बिट वाचण्यामागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक, असं सरळ छापलेलं असतं. आकडा प्रचंड वाटतो, पण तो होतो फक्त साडेबारा टेराबाइट. डिस्क प्रत्यक्षात याहून पुष्कळ बरी वागते. हमी मात्र एवढीच.

यावरचा तोडगा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी 1988 साली मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र वापरा, आणि त्या बिघडणारच हे गृहीत धरा. त्यामागचं गणित चौथीतल्या मुलालाही कळेल. चार डिस्क घ्या. पहिल्या तिघींवर एकेक बिट आहे : 1, 0, 1. चौथीवर असा बिट लिहायचा की चौघींत मिळून 1 ची संख्या सम व्हावी. इथे तो 0. आता समजा दुसरी डिस्क गेली. उरलेल्या 1, 1, 0 मध्ये 1 दोनदा आहे, संख्या आधीच सम आहे, म्हणजे हरवलेला बिट 0 च असणार. तिची नक्कल कोणाकडेही नव्हती, तरी ती जशीच्या तशी परत मिळाली!

एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर? ही भीती पोकळ नाही. 8 टेराबाइटच्या चार डिस्कांपैकी एक गेली, तर ती नव्याने भरायला उरलेल्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. ते वाचन 24 टेराबाइटचं, आणि हमी साडेबाराची. म्हणून दुसरा एक हिशेबही लिहून ठेवतात. तो नुसत्या सम-विषमाने होत नाही. त्यासाठी सांत क्षेत्रांचं बीजगणित लागतं. त्याचा पाया घालणारा एव्हारिस्त गाल्वा हा फ्रेंच तरुण 1832 साली द्वंद्वयुद्धात विसाव्या वर्षी मारला गेला. त्याचं गणित आज दिवाणखान्यातले लग्नाचे फोटो सांभाळतं. चार डिस्कांत दोघींची जागा या हिशेबांत जाते आणि 32 पैकी 16 टेराबाइटच हाती उरतात, पण कोणत्याही दोन गेल्या तरी काही हरवत नाही.

डिस्कपर्यंत पोहोचण्याआधी माहिती रॅममधून जाते. तिथे वेगळाच चोर आहे. अवकाशातून आलेले वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, आणि त्यातला एखादा रॅमच्या चिपमध्ये शिरून 0 चा 1 करून जातो. यावरचं औषध जुनंच आहे. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग सुट्टीच्या दिवशी यंत्रावर काम लावून जायचे. यंत्राला चूक कळायची आणि ते काम सोडून द्यायचं. चूक झाली हे कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या वैतागातून त्यांनी स्वतःची चूक शोधून दुरुस्त करणारी सांकेतिक रचना शोधली आणि 1950 साली ती प्रसिद्ध केली. ईसीसी रॅम याच कल्पनेवर चालते. दर 64 बिटांमागे 8 जादा. त्यातला एक बिट उलटला तर आपोआप दुरुस्ती, दोन उलटले तर निदान बोंब. इथे एक फसगत टाळावी. डीडीआर5 रॅमच्या चिपमध्ये अंतर्गत दुरुस्ती असते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती पहारा देत नाही. खरी ईसीसी हवी तर रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड तिघांनीही तिला मान्यता द्यावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना हे तिन्ही जुळवूनच विचारावं.

हे सगळं एका सूत्रात ओवायचं काम फाइल सिस्टिमचं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली झेडएफएस प्रत्येक तुकड्याचा ताळा वेगळ्या जागी लिहून ठेवते. डिस्कने मुकाट्याने चुकीचं काही वाचून दिलं, तर ताळा जुळत नाही. मग ती दुसऱ्या डिस्कांवरून बरोबर तुकडा उभा करते आणि चुकलेला जागच्या जागी सुधारते. शिवाय जुन्यावर ती कधी गिरवत नाही. नवं आधी दुसरीकडे पूर्ण लिहून मगच खूण हलवते. त्यामुळे मध्येच लाइट गेले तरी एक तर जुनं सापडतं, नाही तर नवं. अर्धवट काही नाही.

चित्रपट दाखवण्यात वेगळीच करामत आहे. फुल एचडी चित्र दाबून लहान न करता साठवलं, तर सेकंदाला सुमारे 155 मेगाबाइट लागतात. अडीच तासांच्या चित्रपटाला 1.4 टेराबाइट! तो 5-10 गिगाबाइटमध्ये मावतो, यामागे बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 साली मांडलेलं गणित आहे. चित्राच्या चौकोनी तुकड्याची ठळक आणि बारीक कंपनांत फोड करायची, आणि डोळ्याला जाणवणार नाहीत ती बारीक कंपनं सोडून द्यायची. 1972 साली याच कल्पनेसाठी अहमद यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं होतं.

फोनला किंवा टीव्हीला मूळ फाइल पचली नाही, की जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर ती जागच्या जागी बदलून देतो. यासाठी दणकट प्रोसेसर लागतो हा समज जुना झाला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 2011 पासून याच कामासाठी खास भाग कोरलेला आहे, आणि अवघ्या 6 वॉटच्या एन100 मध्येही तो आहे. नेटवर्कचंही तसंच. गिगाबिट केबलमधून सेकंदाला 125 मेगाबाइटच्या आत जातात, आणि जड 4के चित्रपटालाही त्याचा साधारण दहावा हिस्सा पुरतो. गंमत म्हणजे अनेक महागड्या टीव्हींचं लॅन पोर्ट आजही 100 मेगाबिटचंच असतं. चित्र अडखळलं तर नॅसला दोष देण्याआधी टीव्हीची पाठ बघावी.

वीज पुरवणारा एसएमपीएस निवडताना एक क्षण महत्त्वाचा. तबकड्या फिरायला लागतात तेव्हा प्रत्येक डिस्क साधारण 25 वॉट ओढते आणि नंतर पाच-सातवर येते. चार डिस्कांच्या डब्याला चांगल्या कंपनीचा 300 ते 350 वॉटचा एसएमपीएस पुरे. हे यंत्र वर्षाचे 8760 तास चालतं. त्याने 40 वॉट खाल्ले तर 350 युनिट होतात, आणि घरातला जुना गेमिंग पीसीच नॅस केला आणि त्याने 100 वॉट खाल्ले तर 876. यूएसबीने जोडलेला छोटा यूपीएस हवाच. तो नॅसला वेळेवर बंद व्हायला सांगतो. कॅबिनेटमधल्या उष्णतेची मात्र अवाजवी धास्ती नको. गूगलने 2007 साली लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला. धडकी भरवणारा आकडा दुसराच होता : तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या 39 पट. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क आपोआप तपासल्या जातील अशी व्यवस्था लावावी.

एवढे पहारेकरी बसवूनही एक वाट उघडी राहते. चुकून तुम्हीच फोल्डर पुसलं, तर हा डबा ते तितक्याच चोखपणे पुसतो. सगळे हिशेब नव्याने बरोबर मांडतो आणि ताळाही जुळवतो. त्याच्या लेखी काहीच चुकलेलं नसतं. आग, चोरी आणि पुराचंही तेच. तेव्हा प्रत्येक भागाला लावलेला अविश्वास शेवटी या डब्यालाही लावायला हवा. यादीत आणखी एक मोठी बाहेरची डिस्क धरा, महत्त्वाचं सगळं तिच्यावर उतरवा, ती दुसऱ्या गावी भावाकडे ठेवा, आणि दिवाळीला भेटाल तेव्हा त्यातल्या चार फाइली उघडून बघा. न तपासलेल्या त्या डिस्कवर तरी भरवसा का ठेवायचा?