गाईच्या पोटांतील अदृश्य बिऱ्हाडकरू



‘गाय गवत खाते व आपणांस दूध देते,’ हें वाक्य शिक्षकाच्या पेशांत मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. आज त्यांत एक दुरुस्ती करणें मला भाग आहे. गाय गवत खाते खरी. परंतु तें पचविण्याचें सामर्थ्य तिच्या स्वतःच्या अंगीं नाहीं. गवत व कडबा यांतील सेल्युलोज हा चिवट पदार्थ फोडणारा पाचकरस तिच्या शरीरांत तयारच होत नाहीं. तें काम तिच्या पोटांत बिऱ्हाड करून राहणारे सूक्ष्म जीव करतात.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराला चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईच्या कोठीपोटांत शंभर लिटरांहूनहि अधिक ऐवज मावतो. प्राणवायूचा जेथें जवळजवळ अभाव, अशा या जागीं जीवाणू, एकपेशीय प्राणी व बुरशी मिळून चारा आंबवितात. त्यापासून जीं आम्लें निर्माण होतात, त्यांवरच गाईचें पोषण मुख्यत्वेंकरून चालतें.

परंतु या क्रियेंत हायड्रोजन वायूहि सुटतो. तो सांचूं लागला, तर आंबविणेंच मंदावतें. धुराला वाट नसली म्हणजे चूल कोंदते, तसाच हा प्रकार. ही वाट मोकळी ठेवतात ते आर्किया नांवाचे जीव. हायड्रोजनचे चार रेणू व कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेऊन ते मिथेनचा एक व पाण्याचे दोन रेणू बनवितात, आणि त्यांतून मिळणाऱ्या शक्तीवर स्वतः जगतात. पूर्वी यांची गणना जीवाणूंतच होत असे. १९७७ मध्यें अमेरिकेंतील कार्ल वोझ व जॉर्ज फॉक्स यांनीं त्यांच्या पेशींतील आर. एन. ए. ची तुलना करून दाखविलें कीं, यांचें कूळच निराळें आहे.

मग तक्रार कशाची? मिथेन गाईच्या कांहींच उपयोगाचा नाहीं. बहुतेक मिथेन ढेकरांवाटें बाहेर जातो, आणि त्याबरोबर चाऱ्यांतील एकंदर शक्तीपैकीं २ ते १२ टक्के शक्ति वायां जाते. चारा निकृष्ट असला म्हणजे हा तोटा बहुधा वाढतो. अर्थात् ज्याच्या दावणीला केवळ वाळका कडबा, त्या गरीब शेतकऱ्यासच झळ अधिक. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबानें पाहतां, वजनास वजन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट उष्णता अडवितो.

तर मग या बिऱ्हाडकरूंना हांकलून द्यावें काय? केर काढणारास घालविलें, तर केराची दुसरी व्यवस्था हवी. मिथेन बनविणारें त्यांचें एन्झाइम अडविणारें ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हें द्रव्य दुभत्या गाईंच्या खाद्यांत मिसळण्यास युरोपियन संघानें २०२२ मध्यें परवानगी दिली. त्यानें मिथेन सुमारें ३० टक्क्यांनीं घटतो. परंतु अडलेल्या हायड्रोजनपैकीं कांहीं तसाच ढेकरांतून निसटतो, आणि दूध त्या मानानें वाढत नाहीं. दुसरा मार्ग जुनाच, पण शहाणपणाचा आहे. कोवळा, सकस चारा व बेताचें धान्य मिळालें, तर पोटांत प्रोपिऑनिक आम्ल अधिक बनतें. त्यांत हायड्रोजन खर्चीं पडतो व ती शक्ति गाईलाच मिळते. मात्र धान्याचा अतिरेक झाला, तर पोटांत आम्लता होऊन जनावर आजारी पडतें.

गोबरगॅसच्या टाकींतहि याच कुळांतील जीव राबतात. जो वायु गोठ्यांत वायां जातो, तोच तेथें चूल पेटवितो. तेव्हां दोष त्या जीवांचा नव्हे. त्यांना आपण कोठें व कसें राबवितों, यावर सारें अवलंबून आहे. आज फळ्यावर मी असें लिहीन: गाय सूक्ष्म जीवांना गवत खाऊं घालते, आणि ते तिला पोसतात.