गारपीट

गर्जन्मेघांतून होणारी बर्फगोळ्यांची वृष्टी. ५ मिमी. वा अधिक व्यासाच्या बर्फगोळ्यांस गारा म्हणतात. विदर्भात गारपीट मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. त्या काळी बंगालच्या उपसागरावरील आर्द्र हवा तापलेल्या जमिनीवर येते व वरच्या थरांत वायव्येकडील थंड, कोरडी हवा असते. या अस्थिरतेमुळे प्रबल ऊर्ध्व प्रवाह निर्माण होऊन मेघमाथा १० किमी.हून उंच जातो. तेथे शून्याखालील तापमानातही न गोठलेले अतिशीतित जलबिंदू हिमकणांवर आदळून गोठतात व गार वाढते. पाणी तत्काळ गोठल्यास अपारदर्शक, सावकाश गोठल्यास पारदर्शक थर बनतो. म्हणून गार कापल्यास कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. ऊर्ध्व प्रवाहास भार पेलेनासा झाला, की ती खाली पडते. पावसाळ्यात हे प्रवाह क्षीण व गोठणपातळी उंच असल्याने गारा बहुधा वाटेतच वितळतात.

वाडी परिसरासह नागपूर जिल्ह्यात या सुमारास मृग बहराची संत्री तोडणीस आलेली असतात, तर आंबिया बहराची फळधारणा होत असते. त्यामुळे एकाच गारपिटीने दोन्ही बहर हातचे जाऊ शकतात. फेब्रुवारी–मार्च २०१४ मधील गारपिटीने विदर्भ, मराठवाडा इ. भागांत रब्बी पिके व फळबागांची मोठी हानी झाली.