वाळूबंधाऱ्यावरचा दिवस

पहाटे पाच

ऑगस्टमध्ये इथे थंडी असते. विषुववृत्त हाकेवर असलं तरी वोटे गावात पहाटे स्वेटर घातल्याशिवाय चहा करायलाही उठवत नाही. वोटे म्हणजे केनियातल्या मकुएनी काउंटीचं मुख्य ठिकाण. नैरोबीच्या आग्नेयेला पसरलेला हा कोरडा, डोंगराळ, कांबा लोकांचा मुलूख. मी इथे एका स्थानिक चर्चच्या ग्रामविकास कार्यालयात स्वयंसेविका आहे. शिक्षण सिव्हिल डिप्लोमाचं आणि काम वाळूबंधाऱ्यांचं.

चहा उकळेपर्यंत फोन. सिमेंटची लॉरी रात्री पोचली का? पोचली. पोती कुणाच्या घरात ठेवली? बंधारा बांधणाऱ्या गावच्या गटाच्या खजिनदारबाईंच्या. मोजून घेतली? हा प्रश्न विचारल्याबद्दल पलीकडून हसू ऐकू येतं. माझ्याआधी त्यांनी ती दोनदा मोजलेली असतात.

साडेसहा

चर्चच्या विश्रामगृहातून पाहुण्यांना घेऊन निघतो. कॅनडातल्या एकाच चर्चच्या मंडळीतले हे लोक आहेत. एक निवृत्त शेतकरी, एक परिचारिका, दोन शिक्षिका, कॉलेजमधली काही मुलं. दोन आठवड्यांची रजा काढून, स्वतःच्या खर्चाने आलेत. अशा गटांची मला आधी धास्ती वाटायची. आता वाटत नाही, कारण त्यांना कामाला लावणं माझ्याकडे नसतंच.

रस्त्याने गाढवं दिसू लागतात. प्रत्येकाच्या पाठीवर वीस-वीस लिटरचे पिवळे कॅन, मागे एखादी बाई नाहीतर शाळेच्या गणवेशातली मुलगी. सुकलेल्या ओढ्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्याजवळ त्या अंधारातच जाऊन बसलेल्या असतात. पाणी हळूहळू पाझरतं, वाटीने भरावं लागतं. परिचारिका खिडकीतून फोटो काढायला जाते आणि स्वतःच फोन खाली ठेवते. मी काही बोललेली नसते.

उजवीकडे लांबवर न्झाउईचा डोंगर. आफ्रिका इनलँड मिशनने १८९५ साली आपलं पहिलं ठाणं तिथेच मांडलं. ते मांडणारा पीटर कॅमरन स्कॉट दुसऱ्याच वर्षी तापाने गेला, पण धर्म टिकला. त्यामुळे इथल्या माणसांना येशू सांगायला कॅनडाहून कुणी येण्याची गरज नाही. आमच्या बंधाऱ्यावरच्या आज्यांची तिसरी-चौथी पिढी चर्चमध्ये वाढते आहे आणि त्यांना पाहुण्यांपेक्षा जास्त वचनं पाठ आहेत.

आठ

आधी प्रार्थना, मग हजेरी. स्वाहिली बोलणारी माणसं तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, म्हणून गटाच्या वहीत कामाची वेळ ‘दोन’ लिहिलेली असते. पहिल्या दिवशी पाहुणे नाश्ता रेंगाळत उरकून आले. उशिराचा दंड सगळ्यांना सारखाच असतो, तो त्यांनाही झाला आणि त्यांनी तो भरलाही. वहीत त्याची नोंद आहे.

गटात बायाच जास्त. नवरे नैरोबीला किंवा मोंबासाला नोकरीला. कांबा लोकांत एकमेकांच्या शेतावर मिळून राबण्याची ‘म्वेथ्या’ नावाची जुनी पद्धत आहे, हे गट तिच्यावरच उभे राहिले. जोशुआ मुकुस्या यांनी १९७८ मध्ये शेजाऱ्यांना घेऊन उटूनी नावाचा गट काढला आणि त्यातून या भागात बंधाऱ्यांचं काम वाढत गेलं. बाहेरच्या संस्था नंतर आल्या. मेनोनाइट सेंट्रल कमिटी त्यांपैकी एक. १९२० मध्ये दक्षिण रशियातल्या भुकेल्यांसाठी स्थापन झालेली ही संस्था इथे गटांच्या पाठीशी उभी राहत आली आहे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गट, मग संस्था.

सव्वाआठ ते अकरा

आता काम. ओढ्याच्या पात्रात कातळ उघडा पडलाय, त्यावर आडवी भिंत चढते आहे. वाळूबंधाऱ्याचं तंत्र सोपं आहे. भिंत कातळाला घट्ट धरलेली हवी, मधला सांडवा ठेंगणा आणि दोन्ही बाजूंचे पंख काठात खोल गेलेले हवेत. पुराबरोबर हलका गाळ वरून निघून जातो, जड वाळू मागे बसते. एक ते तीन पावसाळ्यांत भिंतीमागचा खड्डा वाळूने काठोकाठ भरतो. आपल्याकडे गाळाने भरलेला बंधारा म्हणजे वाया गेलेला बंधारा. इथे भरला की तो कामाला लागतो. त्या वाळूच्या आकारमानाच्या २५ ते ४० टक्के पाणी कणाकणांच्या फटीत राहतं. वरून ऊन तापलं तरी ते फारसं उडत नाही, त्यात डास होत नाहीत आणि येता येताच ते गाळून निघतं.

फुंडी, म्हणजे गवंडी, इथला राजा. पहाटे येऊन त्याने कातळ तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन ठेवलाय. धूळ राहिली तर भिंत कातळाला धरत नाही आणि पाणी खालून वाट काढतं. फळ्यांचं शटरिंग, सळयांचे खांब, थराथरात आडवी काटेरी तार, आणि मध्ये दगड नि मसाला. हे दगड बायांनी गेले काही महिने डोंगरावरून डोक्यावर आणून रचलेत. वाळू त्यांनीच चाळली. मसाल्याचं पाणीसुद्धा गाढवावरून त्यांनीच आणलं. बाहेरून आलंय ते सिमेंट, सळई, तार आणि फुंडीची मजुरी. पाहुण्यांच्या मंडळीने वर्षभर केक विकून आणि दान गोळा करून त्याचे पैसे उभे केले.

मसाल्याच्या घमेल्याला इथे ‘कराई’ म्हणतात. आपली कढई युगांडा रेल्वेच्या भारतीय मजुरांबरोबर इकडे आली असणार, असं मला आपलं वाटतं. मसाला कालवण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंत माणसांची साखळी लागते. भरलेली कराई या हातातून त्या हातात, रिकामी उलट्या वाटेने परत. गाणं एक म्हातारी सांगते, बाकीच्या धरतात, आणि त्या गाण्याच्या चालीवर कराई सरकते. कॉलेजच्या मुलांपैकी एक उंच, दणकट पोरगा आहे. तो दोन-दोन कराया घ्यायला लागला. तीन मिनिटांत त्याच्या पुढच्या बाईच्या पायाशी कराया साचल्या आणि मागे लोक रिकाम्या हाताने उभे राहिले. म्हातारीने गाणं न थांबवता त्याचा दंड धरला, दोन आज्यांच्या मध्ये आणून उभा केला आणि एक कराई हातात दिली. फुंडी वरून गालातल्या गालात हसला. दहापर्यंत पोराला चाल सापडली होती.

अकरा

चहा दुधाचा, भरपूर साखरेचा, मोठ्या सुफुरियात, म्हणजे पातेल्यात उकळलेला. सोबत उकडलेलं रताळं. दगडांवर बसून खाताना एका शिक्षिकेने मनातलं बाहेर काढलं. आमच्या विमानाच्या तिकिटांत किती पोती सिमेंट आलं असतं?

हा प्रश्न दर गटात कुणीतरी विचारतं, आणि तो विचारलाच पाहिजे. इव्हान इलिच हा स्वतः धर्मगुरू. त्याने १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका. ते भाषण मी वोटेच्या खोलीत वाचलं आणि दोन रात्री स्वतःवरच चिडून होते. मीही बाहेरचीच की.

खजिनदारबाईंना प्रश्नाचा अर्थ सांगितला. त्यांनी रताळ्याचा घास संपवला आणि विचारलं, “तिकीट काढलं नसतं, तर ते पैसे सिमेंटला दिले असते का?”

शिक्षिका प्रामाणिक निघाली. म्हणाली, बहुतेक नाही.

“मग सिमेंट तरी आलं,” बाई म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

मला हे उत्तर पुरं वाटत नाही. बाईंनाही वाटत नसावं. दुपारच्या बैठकीत ते दिसलं.

दीड

जेवण. मुथोकोई, म्हणजे साल काढलेला मका, आणि त्यात तुरीचे ओले दाणे. तूर इथलं एक मुख्य पीक आहे आणि पूर्व आफ्रिकेच्या तुरीचं मोठं गिऱ्हाईक भारत. आमच्या जालन्यातल्या वरणात यातला एखादा दाणा असेलही. आपल्या तुरीचा भाव पडतो तेव्हा त्यामागे ही आयातही असते, हे बायांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: तिकडे काय भाव मिळतो?

जेवल्यावर बाया सिसालचे दोरे मांडीवर वळत टोपल्या विणतात. पाहुणे सावलीला आडवे होतात. कुणी कुणाला उठवत नाही.

अडीच

गटाची बैठक. माझ्या मते दिवसाचं खरं काम हे. बंधारा एकदा बांधून होतो, बैठका पुढे वीस वर्षं चालणार असतात.

आधी हिशेब. खजिनदारबाई उभ्या राहून वाचतात: पोती किती आली, किती वापरली, फुंडीला किती दिले, काटेरी तारेचं बिल. प्रत्येक आकडा कांबात, मग आमच्या कार्यालयातला सहकारी पाहुण्यांसाठी इंग्रजीत. यात चामाचेही पैसे येतात. चामा म्हणजे आपली भिशी. मग गैरहजरांचा दंड. एका बाईचं मूल आजारी होतं, तिचा माफ. दुसरीची बहीण आजारी होती, तिचा माफ नाही. त्यावर बरीच तणातणी.

मग विहीर. बंधाऱ्याच्या पोटाशी हातपंपाची एक विहीर ठरलेली आहे. निवृत्त शेतकऱ्याला पलीकडच्या काठालाही एक असावी असं वाटतं, आणि तिचे पैसे तो स्वतः द्यायला तयार आहे. भला माणूस. बोलताना त्याचा आवाज जड झाला.

टाळ्या वाजल्या. मग प्रश्न सुरू झाले. पलीकडच्या काठावर जमीन कुणाची? मालक नैरोबीत. त्याने लिहून दिलंय का? नाही. पंपाचं वायसर गेलं तर पैसे कोण काढणार, पलीकडे राहणारे लोक की सगळा गट? आणि आज दुसरी विहीर घेतली तर वरच्या उतारावर चर कोण खणणार? गटाचा नियम आहे की आधी शेतातले चर पुरे करायचे. उताराची माती ओढ्यात आली तर बंधाऱ्यात वाळूऐवजी चिखल भरेल.

विणणारे हात थांबत नव्हते. शेवटी अध्यक्षीणबाई बोलल्या. पाहुण्यांचे आभार, प्रस्ताव पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ. तोवर पाहुणे परत गेलेले असतील, हे सगळ्यांना माहीत होतं. शेतकऱ्यालाही.

सव्वाचार

वरच्या अंगाला जुना बंधारा आहे, तो पाहुण्यांना दाखवायला नेते. चालताना चर लागतात. आपल्याकडे समतल चराची माती उताराच्या खालच्या बाजूला टाकतात. इथे ती वर टाकतात, म्हणून काही वर्षांत उताराच्या आपोआप पायऱ्या होतात. काठाला आंबे, केळी, थोडी सुकुमा विकीची भाजी. खालचं पात्र नुसतं पांढरं आहे, इथे मात्र काठ हिरवा.

पंप ॲफ्रिडेव्ह जातीचा. गावातल्या बाईला एकाच पान्याने उघडता यावा असाच तो बनवला आहे, आणि इथे तो बायाच उघडतात. तो बघितला की मला घर आठवतं. १९७० च्या दशकात जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी बोअरवर टिकेल असा दणकट हातपंप शोधायची खटपट केली. सोलापूरच्या पंपावरून इंडिया मार्क टू निघाला आणि तो आफ्रिकेतही गेला. माझी आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची आणि घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी व्हायच्या. मिशनच्या कंपाउंडात वाढलेली आमची माणसं. देणारे कोण आणि घेणारे कोण, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आता मी पलीकडच्या बाजूला उभी आहे. त्याची सवय मला अजून झालेली नाही, आणि होऊही नये.

वाळूत एक ताजा खड्डा दिसतो, टायरच्या खुणांसकट. नैरोबीच्या इमारतींना वाळू लागते आणि ती रात्री ट्रकने जाते. मकुएनी काउंटीने २०१५ मध्ये वाळू संवर्धनाचा कायदा केलाय, तरी गटाला पाळीने पहारा द्यावा लागतो. गोदाकाठच्या माणसाला यात नवं काही सांगायला नको. बंधाऱ्यामागची वाळू नेली म्हणजे टाकीच उचलून नेली. सहकाऱ्याने फोटो काढून अध्यक्षीणबाईंना पाठवला, त्यांनी तो पुढे चीफला, म्हणजे इथल्या सरकारी अधिकाऱ्याला.

साडेसहा

अंधार झपकन पडतो, वर्षभर याच वेळेला. पाहुण्यांना गाडीत बसवते. दणकट पोराच्या तळहाताला फोड आलेत, परिचारिका पट्टी बांधते. रविवारी त्यांना मकिंदूला नेणार आहे. मोंबासा रस्त्यावरच्या तिथल्या गुरुद्वाऱ्यात वाटसरूला फुकट जेवण मिळतं. युगांडा रेल्वे बांधायला आलेल्या शिखांमुळे तो उभा राहिला.

आठ

विश्रामगृहात प्रार्थना झाल्यावर शेतकरी मला गाठतो. विहिरीसाठी ठेवलेले पैसे आता कुणाकडे द्यायचे? मी सांगते, सध्या कुणाकडेच नका देऊ. पुढच्या महिन्यात गटाने हो म्हटलं तर ते कार्यालयामार्फत पत्र पाठवतील, पावती मिळेल. नाही म्हणाले तर पत्रात तसं असेल. तो थोडा वेळ गप्प बसतो. मग विचारतो, आमच्याकडे सहकारी धान्य कोठार आहे, त्याच्या सभेलाही अशीच भांडणं होतात, ते यांना सांगू का? मी म्हणते, उद्या चहाला सांगा, खजिनदारबाई हिशेबाचे प्रश्न विचारतील, तयारीत या.

खोलीवर पोचेतो फुंडीचा फोन. काटेरी तार एक बंडल कमी पडेल, उद्या डाव्या पंखावर काम घेऊ. मग खजिनदारबाईंनी पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो. भिंत पुरी झाल्यावर महिनाभर तिच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायच्या पाळ्या. पाहुणे तोवर घरी पोचलेले असतील, त्यांची नावं त्यात नाहीत. तिसऱ्या ओळीत माझं आहे, संध्याकाळच्या पाळीला, आणि पुढे कंसात दंडाची रक्कम.