आल्याची खूण

गुप्तधन म्हटले की आपल्याकडे पायाळू माणूस, अमावास्येची रात्र, हंड्यावर बसलेला नाग आणि कुदळ एवढी तयारी लागते. गेल्या वर्षी मी ज्या खजिन्यामागे लागलो, त्याला यातले काहीच नको होते. खोडरबराचा शिक्का, स्टॅम्प पॅड, वही आणि होकायंत्र पुरले. मुख्य अट एकच: सापडेल ते घरी न्यायचे नाही.

या खेळाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. त्याचे जन्मगाव शोधायचे तर इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरवर जावे लागते. डार्टमूरला माळरान म्हणायची पद्धत आहे, पण माळावर आपण निदान पाय कुठे टाकतो ते दिसते. इथे टेकड्यांच्या डोक्यावर ग्रॅनाइटचे सुळके आणि मधल्या सपाटीवर पीटची दलदल, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा काळा, ओल्या स्पंजासारखा थर. पाय किती आत जाणार हे टाकल्यावरच कळते. कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला बास्करव्हिलच्या कुत्र्यामागे याच मुलखात पाठवले, ते उगीच नाही.

या दलदलीत, उत्तरेच्या अंगाला, क्रॅनमियर पूल नावाचे तळे आहे. तळ्यात पाणी नाही. का नाही, याची कथा स्थानिक लोक सांगतात. बेंजामिन गेयर नावाचा ओकहॅम्प्टनचा महापौर मेल्यावर भूत होऊन गावाला छळू लागला. त्याला कायमचे अडकवण्यासाठी काम दिले गेले: हे तळे चाळणीने उपस. बिचारा उपसत राहिला. मग एके दिवशी त्याला मेंढीचे कातडे सापडले. त्याने ते चाळणीला आतून लावले आणि तळे कोरडे केले. काम नेमून देणाऱ्यांनी मेंढ्यांच्या मुलखात मेंढीचाच विचार केला नव्हता!

तर या बिनपाण्याच्या तळ्याशी 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक काचेची बाटली ठेवली. पेरट चॅगफर्डचा. हौशी पाहुण्यांना दलदलीतून सुखरूप नेऊन आणणे हा त्याचा धंदा. एवढी तंगडतोड करून पोचलेल्याने आपले व्हिजिटिंग कार्ड त्या बाटलीत टाकायचे, इतकेच. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नव्हते. म्हणूनच बाटलीची गरज होती.

मला या खेळाचा जीव त्या बाटलीत दिसतो. पेरटने काही लपवले नव्हते. ‘मी इथवर आलो’ हे सांगायला जागा करून दिली होती. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर कोळशाने लिहिलेली नावे आणि खिळ्याने कोरलेले बदाम पाहून माझेही डोके फिरते. पण त्या पोरांनाही बहुधा एवढेच म्हणायचे असते. त्यांच्यासाठी कोणी बाटली ठेवलेली नसते.

पुढे बाटलीच्या जोडीला वही आली, रबरी शिक्का आला. लोक स्वतःचाच पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड डब्यात ठेवून जात. नंतर येणाऱ्याने ते उचलायचे आणि आपल्या गावच्या टपालपेटीत टाकायचे. लेटरबॉक्स हे नाव त्यावरून पडले. आपलेच कार्ड कधी, कुठल्या गावाचा छाप घेऊन घरी येईल, ही उत्सुकता आजच्या ‘डिलिव्हर्ड’च्या दोन करड्या खुणांत नाही. 1937 मध्ये ‘वेस्टर्न मॉर्निंग न्यूज’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने क्रॅनमियरला दगडी पेटी बांधली गेली. 1938 मध्ये डक्स पूल इथे दुसरी पेटी झाली, ती डार्टमूरचा चालता-बोलता कोश मानल्या जाणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ. 1970 च्या दशकानंतर डब्यांचे अमाप पीक आले. शंभर शिक्के जमवणाऱ्यांचा ‘हंड्रेड क्लब’ निघाला. क्रॅनमियरचा परिसर मात्र लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीत येतो. लाल निशाण वर असले की खजिना विसरून परत फिरायचे.

एप्रिल 1998 मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात या छंदावर लेख आला आणि अमेरिकेने तो उचलून धरला. डार्टमूरकर दिशाकोन आणि पावले देऊन मोकळे होतात. अमेरिकेत सूचना कोड्यांत आणि गोष्टींत लिहायची चाल पडली. 2000 साली जीपीएसवर चालणारे जिओकॅशिंग आले आणि गर्दी तिकडे वळली. त्यात यंत्र आपल्याला डब्यापर्यंत नेते. इथे कोणाच्या तरी वाक्यावर भरवसा ठेवून चालावे लागते.

कनेक्टिकटमध्ये तर राज्याच्या वनखात्यानेच आपल्या जंगलांत असे डबे ठेवले आहेत. माझी भाची तिकडेच राहते. तिने आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने मला समुद्रकाठच्या एका उद्यानात नेले. नाव सांगत नाही, सांगितले तर पुढच्याचा अर्धा खेळ जाईल. एका हाताला खाडी, चिखलात पालथे पडलेले नालखेकड्याचे कवच, दुसऱ्या हाताला ओकची झाडे आणि त्यांतून गेलेली जुन्या शेतांची दगडी गडगी. सूचना होती, ‘गडगे जिथे पाण्याकडे पाठ फिरवते, तिथून वीस पावले’. पावले कोणाची? माझी वीस झुडपात संपली, नातीची वीस वाटेतच.

“मामा, तिथे हात घालू नकोस! तीन पानं दिसतायत ना? पॉयझन आयव्ही आहे ती.”

डबा शेवटी नातीला सापडला. गडग्याच्या बुडाशी, सपाट दगडामागे, प्लास्टिकचा साधा जेवणाचा डबा. आत दोन पिशव्यांत गुंडाळलेली, तरीही कडा फुगलेली वही आणि हाताने कोरलेला बगळ्याचा शिक्का. बगळा आमच्या वहीत, आमचा शिक्का त्यांच्या वहीत.

मराठेशाहीच्या पत्रांत आरंभी मुद्रा आणि शेवटी मोर्तब होई. मी आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन्ही कामांसाठी एकच ‘म’ कोरला होता. शाळेतले बटाट्याचे ठसे आठवत, मन लावून, कोन सांभाळून. अक्षर उलटे कोरायचे असते हे मात्र नेमके विसरलो. वहीवर दाबून उचलला तर काना डावीकडे.

“आजोबा, पुढच्या वेळी ‘ठ’ कर,” नात म्हणाली. ती रविवारच्या मराठी शाळेत जाते. “तो दोन्हीकडून सारखाच दिसतो.”

वही पुन्हा पिशव्यांत गेली, डबा दगडामागे. उलट्या ‘म’खाली मी तारीख मात्र सुलट लिहिली.