मांजर शिंकतंय? आधी गोळ्यांचा डबा बंद करा

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी स्वरूपात. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले 'अं… म्हणजे' काढून टाकलेत.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. आमची चिंगी सकाळपासून शिंकत होती. डोळ्यांतून पाणी, नाक चोंदलेलं, आणि आवडत्या मासळीकडे ढुंकूनही बघत नव्हती. अंगाला हात लावला तर गरम! मी लगेच त्रैराशिक मांडलं. मी ६५ किलोचा, ती साडेतीन किलोची, म्हणजे पॅरासिटामॉलचा एवढासा तुकडा पुरे. तुकडा हातात होता, तेवढ्यात डॉक्टर मॅडमना फोन लागला. त्यांचा पहिला प्रश्न: "घरातली कुठली गोळी दिली नाहीत ना?"

हे त्रैराशिक चालतच नाही, कारण पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच कमजोर असते. औषधाचं विष बनतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. आपण सहज घेतो ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांचंही तसंच. आयब्युप्रोफेनने त्यांच्या पोटात अल्सर होतात, किडनी बिघडते. काही शुगर-फ्री सिरपमध्ये झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते.

आणि तो 'ताप'? कुत्र्या-मांजरांचं नॉर्मल तापमानच साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्यामुळे धडधाकट मांजरही हाताला गरमच लागतं. नाक ओलं की कोरडं यावरूनही ताप कळत नाही.

मग ही सर्दी येते कुठून? आपली सर्दी सहसा त्यांना होत नाही. मांजरांमध्ये बहुतेक वेळा हर्पीस किंवा कॅलिसी हे त्यांचे स्वतःचे व्हायरस असतात. सौम्य सर्दी साधारण ७ ते १० दिवसांत उतरते. हर्पीस मात्र शरीरात लपून राहतो. घर बदललं, नवीन प्राणी आणला, असा ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. घरात दुसरं मांजर असेल तर दोघांची भांडी वेगळी ठेवा आणि हात धुवा.

कुत्र्यांमध्ये जास्त दिसतो तो 'केनेल कफ'. कोरडा, हाँक-हाँक असा ठसका, घशात हाड अडकल्यासारखा. अशा वेळी पट्ट्याऐवजी हार्नेस लावा आणि इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा.

घरी काय करायचं?

एक, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक-डोळे पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

दोन, बाथरूममध्ये गरम पाणी सोडा, दार लावा आणि वाफेत दहा मिनिटं त्याला घेऊन बसा. तोंडासमोर पातेलं नको. निलगिरीचं तेल, कापूर, बाम तर अजिबात नको.

तीन, नाक बंद म्हणजे वास नाही, आणि वास नाही तर मांजर जेवत नाही. खाणं थोडं कोमट करून द्या. उकडलेलं चिकन चालेल, पण मीठ, कांदा, लसूण न घालता. आई म्हणाली होती, "हळद-दूध पाज." पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. सर्दीच्या जोडीला जुलाब कशाला?

चार, श्वास मोजा. गाढ झोपेत असताना मोबाइलचा स्टॉपवॉच लावा, छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला ३० च्या आत हवेत. सतत त्याहून जास्त भरत असतील तर डॉक्टरांना फोन करा.

आता वाट बघायची नाही अशा वेळा. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसतायत, तर त्याच क्षणी निघा. मांजराने २४ तास काही खाल्लं नाही तरी डॉक्टरकडे न्या, कारण काही दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचते आणि तेच जिवावर बेततं. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असेल तरीही दाखवा. आणि लस न झालेल्या पिल्लाचं नाक-डोळे वाहत असतील, ताप असेल तर त्याच दिवशी न्या. कुत्र्यांमधला डिस्टेंपर असाच सर्दीसारखा सुरू होतो, आणि फिट्स यायला लागेपर्यंत खूप उशीर झालेला असतो.

चिंगीला मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं. नवव्या दिवशी तिने ओट्यावरचा बांगडा पळवला, तेव्हा आम्ही ओरडलो नाही.

तुमच्यासाठी आजचं काम एकच. जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरचा नंबर आणि रात्री उघडा असलेला एक दवाखाना, दोन्ही आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. साडेअकरा वाजता शोधत बसू नका. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!